आर्व्हो पॅर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे आर्व्हो पॅर्ट नेमके कोण?

एस्टोनियाचे संगीतकार. जन्म 11 सप्टेंबर 1935, पाइदे नावाच्या छोट्या गावात. वेस्टर्न क्लासिकलमध्ये आज हयात असलेल्या संगीतकारांपैकी ज्यांच्या रचना जगभर सगळ्यात जास्त वाजतात अशांच्या यादीत त्यांचं नाव वर्षानुवर्षं पहिल्या दोनतीनात असतं, आणि गंमत म्हणजे तुम्ही त्यांचं नाव कधी ऐकलं नसेल तरी त्यांचं संगीत बहुतेक ऐकलेलं आहे, कारण कितीतरी सिनेमांत आणि डॉक्युमेंटरीत ते वापरलंय. पियानोवर तीन तीन सूर अगदी शांतपणे येत राहतात आणि वर व्हायोलिन एक लांब सूर धरून असतं, असं काही आठवत असेल तर ते ‘श्पीगेल इम श्पीगेल’, 1978 सालचं.

इतकं साधं संगीत, यात काय एवढं मोठं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं सगळं सांगणं याच्याभोवतीच आहे. पॅर्टचं संगीत ऐकायला साधं आहे पण ते साधेपणाने सुरू झालेलं नाही. ऐन तारुण्यात हा माणूस त्या काळातलं सगळ्यात अवघड, सगळ्यात मॉडर्न संगीत लिहीत होता आणि त्यात नाव कमावून बसला होता. मग ते सगळं बाजूला ठेवून तो आठ वर्षं जवळपास गप्प बसला आणि जे घेऊन बाहेर आला त्यात एकेका सुराचा हिशोब आहे. कुठलाही सूर काढून बघा, तो तिथे का आहे ते सांगता येतं. ‘रिलॅक्सिंग म्युझिक’ म्हणून बॅकग्राउंडला लावून ठेवलं की हे सगळं हातातून निसटतं, म्हणून एवढं मोठं लिहायला घेतलंय.

लहानपण कसं गेलं?

आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर ते राक्वेरे या गावी राहायला गेले. घरात एक जुना ग्रँड पियानो होता, पण त्याच्या मधल्या भागातल्या हातोड्या खराब झालेल्या, म्हणजे नीट वाजायच्या त्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या. मुलगा काय करणार, तार सप्तकातले आणि अगदी खर्जातले सूर घेऊन खेळत बसायचा. आता यावरून मोठा सिद्धांत काढायचा मला मोह नाही, पण 1976 सालची ‘फ्यूर अलीना’ ऐकताना डावीकडे खोल खर्ज आणि उजवीकडे पार वरचे सूर ऐकू आले की तो पियानो आठवतोच.

दुसरी गोष्ट सायकलची. गावच्या चौकात खांबावर लाउडस्पीकर होता आणि त्यावर रेडिओचे सिम्फनी कन्सर्ट लागायचे. हा मुलगा कार्यक्रम संपेपर्यंत सायकलवरून चौकाला चकरा मारत राहायचा. राक्वेरेच्या चौकात आता सायकल घेतलेल्या मुलाचा पुतळा आहे, तो त्यांचाच.

शिक्षण आणि नोकरी?

सोव्हिएत सैन्यातली सक्तीची नोकरी झाली, तिथे बँडमध्ये ओबो आणि ड्रम वाजवले. मग एस्टोनियाची राजधानी टालिन, तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, हेइनो एलर यांच्याकडे शिकले, 1963 ला बाहेर पडले. एलर हे एस्टोनियन संगीतकारांच्या दोनतीन पिढ्यांचे गुरू. शिकत असतानाच 1958 पासून एस्टोनियन रेडिओवर साउंड इंजिनिअरची नोकरी धरली ती 1967 पर्यंत. या नोकरीकडे लोक दुर्लक्ष करतात, मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते, कारण रोज हेडफोन लावून दुसऱ्यांचं वाजवणं ऐकायचं, सूर सुटतो कसा, हॉलमध्ये विरतो कसा हे तासन् तास ऐकायचं, असं काम नऊ वर्षं केलेल्या माणसाचे कान वेगळेच होतात.

सोव्हिएत सरकारशी काय बिनसलं?

पहिला खटका 1960 मध्ये. ‘नेक्रोलॉग’ नावाची ऑर्केस्ट्राची रचना, एस्टोनियात लिहिलेली बारा-स्वरी पद्धतीची पहिली. या पद्धतीत सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखा मान, कुणी सा नाही, कुणी वादी नाही. मॉस्कोत संगीतकार संघाचे सर्वेसर्वा तिखॉन ख्रेनिकॉव्ह यांनी यावर पश्चिमेची नक्कल म्हणून जाहीर टीका केली. आणि विचित्र बघा, दोनच वर्षांनी, 1962 ला, मॉस्कोतल्याच तरुण संगीतकारांच्या स्पर्धेत मुलांसाठी लिहिलेल्या एका कंताताला आणि एका ऑरेटोरिओला (दोन्ही गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) पहिलं बक्षीस. म्हणजे एका हाताने कान पिळायचा आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटायची असा सगळा कारभार.

खरा स्फोट 1968 ला झाला, ‘क्रेडो’मुळे.

‘क्रेडो’मध्ये एवढं काय होतं?

पियानो, कॉयर म्हणजे गायकवृंद, आणि ऑर्केस्ट्रा. सुरुवातीलाच लॅटिनमध्ये ‘माझी येशू ख्रिस्तावर श्रद्धा आहे’ अशी ओळ, आणि सोव्हिएत युनियनमध्ये 1968 साली भर कन्सर्ट हॉलमध्ये हे म्हणणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण संगीत म्हणूनही ती रचना जबरदस्त आहे. पाया बाखच्या सी मेजर प्रिल्यूडचा, ती साधी सुंदर आरपेजिओंची, म्हणजे कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजवण्याची चीज, पियानो शिकणारं प्रत्येक पोर कधी ना कधी वाजवतं ती. मग बायबलमधली ‘डोळ्यासाठी डोळा, दातासाठी दात’ ही ओळ येते आणि त्याबरोबर पंचमांच्या साखळीतून बारा स्वर रचले जातात, थर चढत जातात आणि शेवटी नुसता कल्लोळ होतो, कॉयर अक्षरशः ओरडत असतो. त्यानंतर येशूचं उत्तर, दुष्टाचा प्रतिकार करू नका, आणि बाख परत येतो.

16 नोव्हेंबर 1968 ला टालिनमध्ये नेमे यार्वी यांनी ही रचना कंडक्ट केली. पुढे दहाएक वर्षं तिच्यावर बंदी. पण मला यातली राजकारणाची बाजू अर्धीच वाटते. त्यांनी एकाच रचनेत दोन भाषा समोरासमोर उभ्या केल्या, स्वतःची तेव्हाची बारा-स्वरी भाषा आणि बाखची, आणि स्वतःच्या भाषेला हिंसेची बाजू दिली. एवढं झाल्यावर त्याच भाषेत पुढची रचना कशी लिहिणार?

मग आठ वर्षं खरंच काही लिहिलं नाही?

अगदीच काही नाही असं नाही. 1971 मध्ये तिसरी सिम्फनी लिहिली, यार्वींना अर्पण केलेली, तिच्यात जुन्या चर्च संगीताचा वास स्पष्ट येतो. पोटापाण्यासाठी सिनेमाचं संगीत चालूच होतं. पण ‘ही माझी रचना’ म्हणून मांडावं असं फारसं काही नाही.

त्या काळात त्यांनी काय केलं ते मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. टालिनमधल्या एका दुकानात ग्रेगोरियन चांट, म्हणजे जुनं चर्चमधलं गायन, कानावर पडलं, काही क्षणच, आणि त्यांना कळलं की आपल्याला हे येत नाही. हे म्हणजे एकच सुरावट, साथ नाही, हार्मनी नाही, ताल नाही. मग ते पार मागे गेले, ग्रेगोरियन चांट, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमधली मध्ययुगीन संगीताची शाळा, रेनेसान्सची पॉलिफनी म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटींचं गायन, आणि वह्याच्या वह्या एकसुरी ओळींनी भरल्या. बायबलमधलं एखादं स्तोत्र वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि लगेच एक ओळ लिहायची. पक्ष्यांचा थवा उडताना दिसला की त्याची रेघ कागदावर काढायची आणि त्या रेघेवरून सुरावट लिहायची, डोंगराच्या कडेवरून लिहायची. बहुतेक ओळींचं पुढे काहीच झालं नाही. आपल्याकडे खर्ज भरण्याचा जो रियाज असतो, ज्याचा मैफिलीत थेट उपयोग दिसत नाही पण ज्याच्याशिवाय मैफल उभीच राहत नाही, त्याच्याशी याची जात जुळते.

याच काळात, 1972 ला, नोरा यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ते ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले. रस्ता झाडणाऱ्या एका माणसाची गोष्ट ते नेहमी सांगतात. घराजवळच्या बस स्टॉपवर तो झाडत होता, पॅर्टनी त्याला विचारलं की संगीतकाराने संगीत लिहावं तरी कसं? तो थोडा विचार करून म्हणाला, त्याने एकेका सुरावर प्रेम करायला हवं. पॅर्ट म्हणतात की असं उत्तर त्यांना तोवर कुणीच दिलं नव्हतं.

टिंटिनाब्युली म्हणजे काय? सरगममध्ये समजावता येईल का?

टिंटिनाब्युली ही त्या आठ वर्षांनंतर पॅर्ट जी घेऊन बाहेर आले ती रचनेची पद्धत. सरगममध्ये समजावता येईल, आणि मला वाटतं सरगममध्येच जास्त पटकन कळेल.

दोन आवाज घ्या. पहिला आवाज सुरावटीचा, तो सप्तकात पायरी पायरीने चालतो, उड्या मारत नाही. समजा आसावरी थाटाचे स्वर आहेत, म्हणजे ग, ध, नि कोमल. हा आवाज म्हणतोय सा रे ग म प. दुसऱ्या आवाजाला फक्त तीन स्वर मुभा: सा, कोमल ग, प. बस. त्याने पहिल्या आवाजाच्या जवळचा, त्याच्या वरचा स्वर घ्यायचा असा नियम ठरवला तर काय होईल? पहिला सा वर, दुसरा ग वर. पहिला रे वर गेला, दुसरा अजून ग वरच. पहिला ग वर, दुसरा प वर. पहिला म वर, दुसरा प वरच. पहिला प वर आला की दुसरा तार सा वर.

आता हे हार्मोनियमवर दोन हातांनी वाजवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सा आणि ग एकत्र गोड लागतात, पण पुढच्याच पावलाला रे आणि कोमल ग एकमेकांना खेटून वाजतात, मध्ये फक्त अर्धस्वराचं अंतर, चांगलंच टोचतं. लगेच ग-प, परत गोड. मग म-प, परत थोडं घासतं. म्हणजे दोन अगदी निरुपद्रवी ओळी, कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही, तरी ताण आणि सुटका आपोआप येत जाते. नियम बदला, जवळचा ऐवजी त्याच्या पुढचा स्वर घ्या, वरचा ऐवजी खालचा घ्या किंवा एकदा वरचा एकदा खालचा घ्या, की चेहरा बदलतो. एवढ्या तुटपुंज्या सामानातून त्यांनी तासातासाच्या रचना बांधल्यात.

नाव घंटेच्या किणकिणीवरून आलंय. नोरा यांनी या पद्धतीला एक सूत्र दिलं: एक अधिक एक बरोबर एक. दोन आवाज, पण कानाला एकच काहीतरी ऐकू यायला हवं. पॅर्ट स्वतः असं सांगतात की चालणारा आवाज म्हणजे माझं भटकणं, माझ्या चुका, आणि तीन स्वरांचा आवाज म्हणजे क्षमा.

सगळं नियमानेच होत असेल तर संगीतकाराचं काम काय उरलं?

‘कांटुस’ हे उदाहरण घेऊ, म्हणजे उत्तर नुसतं बोलण्यावर राहणार नाही. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन 4 डिसेंबर 1976 ला गेले. पॅर्टना ब्रिटनच्या संगीताची ओळख तेव्हा नुकतीच झाली होती, भेटायची फार इच्छा होती, ती राहिली. 1977 ला त्यांनी तंतुवाद्यं आणि एक घंटा एवढ्यावर ही रचना केली, सहाएक मिनिटांची.

सुरुवातीला थोडी शांतता, मग घंटा, तीन वेळा, सा वर. मग व्हायोलिन वरून खाली यायला लागतात: सा. सा नि. सा नि ध. सा नि ध प. दर वेळी परत वर जाऊन एकेक स्वर जास्त उतरायचं. हीच ओळ दुसरी व्हायोलिन निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली, व्हायोला त्याच्या निम्म्याने, चेलो त्याच्या निम्म्याने, आणि डबल बास तर पहिल्या व्हायोलिनच्या सोळापट संथ. म्हणजे ठाय, दुगुन, चौगुन, आठपट आणि सोळापट अशा पाचही लयी एकाच वेळी चालू. सगळेच उतरतायत, प्रत्येक जण आपापल्या शेवटच्या स्वराला पोचला की तिथे थांबतो आणि तो धरून ठेवतो, बाकीचे येत राहतात, आवाज वाढत जातो.

आता संगीतकाराचं काम कुठे आहे ते बघा. शेवटी सगळी तंतुवाद्यं जोरात एकच कॉर्ड धरून असताना घंटेचा एक टोला पडतो, पण अगदी हलका, त्या गदारोळात तो कळतसुद्धा नाही. मग तंतुवाद्यं झटकन थांबतात आणि तेव्हा ऐकू येतं की घंटा वाजतेय. तिच्या आसेत कान देऊन ऐकलं तर शुद्ध गंधार आहे! सबंध रचना कोमल गंधारात, एकाही वादकाने शुद्ध गंधार वाजवलेला नाही, आणि शेवटी तो येतो घंटेच्या धातूतून. तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ज्याने ऐकलाय त्याला हे कसं घडतं ते सांगावं लागणार नाही, कारण दोन्हीकडे मूळ स्वराच्या पोटात असलेला वरचा स्वर तो हाच. नियम कुणीही लावेल, पण तो टोला कुठे आणि किती हळू मारायचा हे ठरवायला पॅर्टच लागतात.

1977 मध्ये अजून काय काय झालं?

पाऊसच पडला म्हणायचा. ‘फ्रात्रेस’, ‘सुम्मा’, ‘मिस्सा सिलाबिका’, ‘कांटुस’, आणि ‘ताबुला रासा’, सगळं त्या एका वर्षातलं. ‘ताबुला रासा’ 30 सप्टेंबरला टालिनमध्ये पहिल्यांदा वाजलं, व्हायोलिनवर गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिंडेंको, तारांमध्ये वस्तू अडकवलेल्या प्रिपेर्ड पियानोवर संगीतकार आल्फ्रेड श्निटके, कंडक्टर एरी क्लास. दुसरा भाग, ‘सिलेंटियुम’, शेवटी खाली खाली उतरत जातो आणि ज्या सा वर तो टेकणार असं कान ठरवून बसलेला असतो तो सा वाजतच नाही. स्वरलिपीत तिथे मोकळी मापं लिहिलेली आहेत. म्हणजे शांतता हीसुद्धा रचनेतच लिहिलेली, आणि तो सा श्रोत्याने आपल्या मनात लावायचा.

देश का सोडला?

राहणं अशक्य झालं म्हणून. धार्मिक शब्द असलेलं संगीत, परदेशातून येणारी आमंत्रणं आणि त्यावर अडवणूक, सगळं साठत गेलं. नोरा ज्यू कुटुंबातल्या, त्यामुळे इस्रायलच्या व्हिसावर बाहेर पडायचा रस्ता होता. जानेवारी 1980 मध्ये दोघं मुलांना घेऊन निघाले. ब्रेस्टच्या सीमेवर सामान उघडून तपासलं, त्यात रेकॉर्डी आणि टेप निघाल्या, पहारेकऱ्यांनी त्या लावायला सांगितल्या आणि त्या स्टेशनात ‘कांटुस’ वाजलं असं पॅर्टनी नंतर सांगितलंय.

पोचले व्हिएन्नाला, तिथे ‘युनिव्हर्सल एडिशन’ हे प्रकाशन मिळालं. 1981 पासून पश्चिम बर्लिन, आणि पुढची जवळपास तीस वर्षं तिथेच.

जगाला कळलं कसं?

एका कार रेडिओमुळे. जर्मन रेकॉर्ड निर्माते मानफ्रेड आयशर, ईसीएमचे, तोवर मुख्यतः जॅझसाठी प्रसिद्ध, ते स्टुटगार्टहून झुरिकला गाडीने चालले होते आणि रेडिओवर ‘ताबुला रासा’ लागलं. कुणाचं आहे ते शोधून काढायला त्यांना बराच काळ लागला. 1984 ला त्याच नावाचा अल्बम आला आणि त्यानेच ईसीएमची ‘न्यू सीरीज’ सुरू झाली. त्यात ‘फ्रात्रेस’ची व्हायोलिन-पियानो आवृत्ती क्रेमर आणि जॅझचे कीथ जॅरेट यांनी वाजवलीय. दोघांच्या तालमी वेगळ्या जगातल्या, आणि तरीही ते वाजवणं एकजीव आहे.

शब्द लॅटिन किंवा जुन्या स्लाव्हमधले, आणि ख्रिस्ती धर्माचे. मी श्रद्धाळू नाही किंवा माझा धर्म वेगळा आहे, मग हे माझ्यासाठी आहे का?

आहे. आपण भक्तीचा अर्थ माहीत नसताना परक्या भाषेतली भजनं ऐकतोच की, आणि ऐकून हलतो.

पण एक सांगायला हवं, श्रद्धा ही त्यांच्या संगीतावर वरून चढवलेली नाही. शब्द त्यांच्याकडे संगीताचा आराखडा ठरवतात. ‘मिस्सा सिलाबिका’ किंवा 1982 चं ‘पास्सियो’ घ्या, शब्दात अक्षरं किती, आघात कुठल्या अक्षरावर, पुढे स्वल्पविराम आहे की पूर्णविराम, यावरून सूर किती लांब आणि कुठून सुरू करायचा हे ठरतं. ‘पास्सियो’ सत्तरएक मिनिटं चालतं, योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या अटकेची आणि मृत्यूची गोष्ट, आणि कुठेही नाटकीपणा नाही. येशूचा आवाज खोल आणि सगळ्यात संथ. दु:खाच्या जागी संगीत रडत नाही, त्याची चाल तीच राहते. एवढं सगळं झाल्यावर अगदी शेवटी ‘आमच्यासाठी ज्याने दु:ख सोसलं’ या ओळीला मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधारात, दार उघडतं आणि तासभर धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येतं. मध्येच उठलात तर ते मिळत नाही, त्याचा काही शॉर्टकट नाही.

त्यांना ‘होली मिनिमलिस्ट’ म्हणतात ते बरोबर आहे का?

दुकानदारांच्या सोयीचं लेबल आहे. पोलंडचे गोरेत्स्की आणि इंग्लंडचे टॅव्हनर यांनाही त्याच खणात टाकतात. अमेरिकेतल्या मिनिमलिझमची, म्हणजे थोडेच सूर परत परत घेऊन बांधलेल्या संगीताची, लय धावती असते, तिच्यामागे शहर असतं. पॅर्टकडे सूर विरेपर्यंत थांबणं आहे.

आपल्या शास्त्रीय संगीताचा त्यांच्यावर प्रभाव आहे का?

थेट नाही. अमेरिकन लोकांचं वेगळं, टेरी रायली 1970 पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, फिलिप ग्लास यांनी पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं. पॅर्टचा रस्ता पूर्ण वेगळा, ते युरोपच्याच जुन्या मठांमधून आले.

तरी आपल्या कानाला ते जवळचे वाटतात, याचं कारण मला असं दिसतं की त्यांनी सा परत आणला. विसाव्या शतकातल्या बऱ्याच संगीताने सा सोडून दिला होता. पॅर्टकडे तीन स्वरांचा आवाज सतत घराची आठवण देत राहतो, तानपुऱ्यासारखा. पण साम्य इथेच संपतं. उपज नाही, मींड नाही, आंदोलन नाही, गायकाला स्वतःचं असं काही घालायची सोय जवळजवळ नाहीच. ‘हे तर आपलंच आहे’ म्हणून कौतुक करणं मला पटत नाही, ते वेगळं आहे आणि वेगळं म्हणूनच ऐकावं.

मुंबईशी काही कनेक्शन?

आहे, आणि सुंदर आहे. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचं ‘मार्सियास’ हे अवाढव्य शिल्प 2002 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं होतं, टर्बाइन हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकणारं, लोखंडी कड्यांवर ताणलेलं गडद लाल कातडं जणू. मार्सियास म्हणजे ग्रीक कथेतला तो वादक ज्याने अपोलोला संगीतात आव्हान दिलं आणि हरल्यावर ज्याची जिवंतपणी कातडी सोलली. पॅर्ट त्या शिल्पासमोर उभे राहिले आणि त्यांना वाटलं की आपण जिवंतपणीच आपल्या मृत शरीरासमोर उभे आहोत. त्यातून पियानो आणि ऑर्केस्ट्राची ‘लामेंताते’ आली, फेब्रुवारी 2003 मध्ये त्याच हॉलमध्ये, त्याच शिल्पाखाली पहिल्यांदा वाजली. त्यांचं म्हणणं होतं की हा विलाप मेलेल्यांसाठी नाही, जिवंत माणसांसाठी आहे. ज्यांना पॅर्ट म्हणजे फक्त हळू आणि मऊ असं वाटतं त्यांनी याची सुरुवात ऐकावी, ब्रास आणि ड्रम अंगावर येतात.

मौन पाळणारा माणूस राजकारणावर बोलतो का?

बोलतो, पण रचना अर्पण करून. ऑक्टोबर 2006 मध्ये रशियन पत्रकार आन्ना पोलित्कोव्हस्काया यांचा मॉस्कोत खून झाला, त्यानंतर पॅर्टनी त्या सीझनमधले आपल्या रचनांचे सगळे प्रयोग तिच्या स्मृतीला अर्पण केले. चौथी सिम्फनी, 2009 ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा वाजलेली, तेव्हा तुरुंगात असलेले रशियन उद्योगपती मिखाईल खोदोरकोव्हस्की यांना अर्पण आहे. 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर ‘दा पाचेम दोमिने’ लिहिलं, शांतीची प्रार्थना, पाचएक मिनिटांची. ‘क्रेडो’ ज्याने ऐकलंय त्याला याचं नवल वाटू नये.

टीका कोण करतं आणि ती खरी आहे का?

सगळ्या रचना एकसारख्या वाटतात, भाबडं आहे, दु:ख विकायला सोपं जातं म्हणून सिनेमावाले वापरतात, असं म्हणणारे आहेत. यातलं पहिलं थोडं खरं आहे, 1990 नंतरच्या काही छोट्या कोरल (गायकवृंदाच्या) रचना एकामागे एक लावल्या तर मलाही वेगळ्या काढता येत नाहीत. सिनेमांबद्दलचं म्हणणं मात्र त्यांच्यावर टाकण्यात अर्थ नाही. भाबडं? वर लिहिलेला सरगमचा प्रयोग करून बघा आणि मग त्या नियमात एक पान स्वतः लिहून बघा.

सुरुवात कुठून करू?

‘श्पीगेल इम श्पीगेल’पासून, पण या वेळी मोजत ऐका. सा-रे-ग-म मध्ये सांगायचं तर व्हायोलिन आधी ‘रे ग’ म्हणतं, मग त्याचं प्रतिबिंब ‘म ग’. मग ‘सा रे ग’, आणि उलट ‘प म ग’. दर फेरीत एक स्वर वाढतो, आणि प्रत्येक वाक्य गंधारावर येऊनच थांबतं. हे एकदा कानाला कळलं की दहा मिनिटं कशी जातात समजत नाही.

मग ‘कांटुस’, मग ‘ताबुला रासा’ पूर्ण. 1999 चा ईसीएमचा ‘अलीना’ अल्बम घ्याच. आवाजाचं संगीत हवं असेल तर हिलियर्ड एन्सेम्बल या इंग्लिश गायकांच्या गटाचं ‘पास्सियो’, आणि तोनू काल्युस्ते यांच्या एस्टोनियन गायकांचं ‘कानोन पोकायानेन’, साथीला एकही वाद्य नाही. ‘क्रेडो’ मुद्दाम शेवटी ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका, घंटेची आस त्यावर येतच नाही.

आता ते कुठे असतात?

2010 च्या सुमारास एस्टोनियात परतले. टालिनपासून साधारण 35 किलोमीटरवर लाउलास्मा नावाच्या समुद्रकाठच्या ठिकाणी, पाइनच्या जंगलात, आर्व्हो पॅर्ट सेंटर आहे. कुटुंबानेच 2010 ला संस्था काढली, आताची इमारत ऑक्टोबर 2018 ला उघडली, माद्रिदच्या निएतो सोबेखानो या आर्किटेक्टची. आठ वर्षांच्या त्या वह्या तिथे जपलेल्या आहेत, शिवाय लायब्ररी, छोटा कन्सर्ट हॉल, अंगणात चॅपल, आणि वर चढून जायला मनोरा. लोकांना जाता येतं. 2023 चं पोलर म्युझिक प्राइझ त्यांना मिळालं, सप्टेंबर 2025 मध्ये नव्वदी पूर्ण झाली.

मला थोडा पियानो येतो, ‘फ्यूर अलीना’ वाजवता येईल का?

सूर वाजवायला सोपे आहेत, दोन पानं, दोन हात, एकेक स्वर. ताल लिहिलेला नाही, काळे ठिपके म्हणजे लहान स्वर आणि पांढरे म्हणजे लांब, बस. सुरुवातीला खर्जातला एक स्वर पेडल दाबून सोडून द्यायचा, त्या आसेवरच पुढचं सगळं चालतं. मापागणिक एकेक स्वर वाढत जातो आणि मध्यानंतर कमी होत जातो. उजवा हात सप्तकात चालतो, डावा हात बी मायनरच्या तीन स्वरांतून (वरच्या सा, कोमल ग, प सारखेच) बाहेर जात नाही, अपवाद फक्त एक: एकाच जागी डावा हात तो नियम मोडतो, आणि पॅर्टनी स्वरलिपीत तिथे एक फूल काढलंय. नवीन मुलं ती जागा घाईत ओलांडतात. शिकवणाऱ्याला आधी तेच विचारा, की हा एक स्वर मी किती वेळ धरू. स्वरलिपी युनिव्हर्सल एडिशनची, ऑनलाइन मागवता येते, आणि शक्यतो खऱ्या पियानोवर वाजवा, कीबोर्ड असेल तर निदान चांगलं पेडल तरी हवंच.